उन्हाला घातलेली सून

मला ऊन कमी पडलंय असं डॉक्टरीणबाई म्हणल्या तेव्हा मला हसू आलतं, पण मी हसले नाय, कारण शेजारी आत्या बसली होती. आत्या म्हणजे माझी सासू. तिच्यासमोर मला नीट रडताबी येत नाय, हसायचं तर लांबच. मी लई भित्री आहे. डॉक्टरला भिते, सासूला भिते, आता पोरगी झाली तर ती झोपली की भिते आणि उठली की भिते.

पण ऊन कमी पडलं म्हणजे कमाल झाली. आमचं माहेर पाचोडकडं. बापाची मेंढरं. शाळा सातवीपर्यंत, ती बी निम्मी. निम्मं वर्ष मेंढरांमागं रानोमाळ जायचं, जिथं वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावली तिथं मुक्काम. लग्न होईपर्यंत माझ्या डोक्यावर छप्पर कमी आणि ऊनच जास्ती होतं. सातवीच्या परीक्षेत रिकामी जागा भरा आलती, ‘सूर्यप्रकाशापासून कोणतं जीवनसत्त्व मिळतं’, आणि मी ‘ड’ लिहिलतं, बाईंनी शाबासकी दिलती. तेवढं एकच उत्तर मला आयुष्यात बरोबर आलं आणि तेवढ्याचीच नेमकी खोट निघाली.

झालं असं, की माझं लग्न वाळूजच्या कंपनीतल्या माणसाशी लागलं. आमचे हे पत्रा दाबायच्या प्रेसवर होते, आठवड्याला पाळी बदलायची, सकाळची, दुपारची, रातची. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, हे निळा ड्रेस घालून चढायचे. पत्र्याच्या खोल्यांची एक लाईन, त्यातली एक खोली आमची. यांच्या बापानं जन्मभर मेंढरं वळली, आत्यानं बी वळली, तिचे पाय अजून भेगाळलेले आहेत. म्हणून तिनं लग्नातच सगळ्यांना सांगितलं, “माझ्या सुनेला उन्हाचं काम नाय. सावलीत बसून खाईल.” दुसऱ्या बाया सुनेच्या अंगावरचं सोनं दाखवत्यात, आत्या माझे हात दाखवायची. “बघा, कशी उजळली.” वर पत्रा, खिडकीला पडदा, डोक्यावर पदर, अंगात कोपरापर्यंत झंपर. पाणी भरायला ती स्वतः जायची. मी खोलीत बसून भाकरी थापायची आणि उजळायची.

उजळले आणि फुगले. तीन वर्षं झाली, मूल नाय. माझी पाळी म्हणजे मनात आलं तर येणार, नाय तर दोन-तीन महिने तोंड दाखवणार नाय. दुसऱ्या बाईची पाळी चुकली की घरात पेढे येत्यात. माझी पहिल्यांदा चुकली तेव्हा आत्यानं मला चिंचा आणल्या, कैऱ्या आणल्या, जड उचलू दिलं नाय, गावाकडं निरोप धाडला. मग एक दिवस पाळी आली. आत्या माझ्याकडं असं बघायला लागली की चिंचा मी फसवून खाल्ल्या. त्याच्यानंतर हनुवटीवर केस यायला लागले. मी पदराच्या आड चिमट्यानं उपटायची. मांड्या ठणकायच्या, खोली झाडली की दम लागायचा. आत्या म्हणायची, “बसून बसून दम लागतोय हिला, बसायचा दम.”

मग वैजापूरची पोरगी निघाली. आत्याच्या भावाची. दर महिन्याला आत्याच्या तोंडी तिचं काही ना काही यायचं. वैजापूरची पोरगी भाकरी लई पातळ करती. वैजापूरच्या पोरीला दर महिन्याला वेळेवर. हे आत्याला कसं कळायचं देव जाणे. हे जेवत असायचे, मान खाली घालून म्हणायचे, “आये, जेवू दे की.” याच्यापुढं ते काय बोलायचे नाय. नको बी म्हणायचे नाय. मला त्या ‘जेवू दे’चीच सगळ्यात भीती वाटायची.

शेवटी यांच्या बरोबरच्या कुणीतरी शहरातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. तिथं सोनोग्राफीचं मशीन होतं. पोट फुटंस्तोवर पाणी पाजून बसवलं, मग पोटावर गार कायतरी लावून बाई पडद्यावर बघायला लागल्या. आत्याला आत येऊ दिलं कारण तिला बाहेर बसवायची कुणाची टाप नव्हती.

“हे अंडाशय,” बाई म्हणल्या. “यात बारीक बारीक गाठी दिसतायत. डाळिंबाचे दाणे असतात ना, तशा. दर महिन्याला एक अंडं पिकून बाहेर यायला हवं. हिचं पिकायला लागतं आणि मधेच थांबतं.”

“गाठी हायत तर कापून काढा,” आत्या म्हणली.

“कापायच्या नसतात आजी त्या.”

“मी आजी नाय अजून. त्याचंच तर रडगाणं हाय.”

बाई हसल्या. मग त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि मी ओरडले. त्यांनी मला विचारलं, “घराबाहेर किती वेळ असतेस?” उत्तर आत्यानं दिलं, मोठ्या मानानं. “कशाला जाईल बाहेर? कशाची कमी हाय तिला?”

“उन्हाची,” बाई म्हणल्या.

त्यांनी नीट सांगितलं. वजन कमी करायचं, रोज चालायचं, अंडं पिकायच्या गोळ्या पाळीच्या दिवसात घ्यायच्या. आणि हाडं ठिसूळ झालीत, त्याला ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी दुधातून, आणि रोज दुपारी थोडा वेळ ऊन. मी धीर करून विचारलं, उन्हानं मूल होतं का? बाई म्हणल्या, “तसं मी म्हणणार नाही. ऊन हाडांसाठी सांगतेय. पण शरीरात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. ते जीवनसत्त्व कमी असलं तर अंडं पिकायलाही अडचण येत असेल, असा मला संशय आहे. नक्की कुणी सांगत नाही अजून. ऊन फुकट आहे, घेऊन बघ.”

आत्यानं त्यातलं ‘फुकट आहे’ एवढं उचललं आणि बसमध्ये बसल्यावर मला म्हणली, “औरंगाबादला येऊन हे ऐकायचं होतं. मेंढरं इकली नसती तर उन्हाला काय तोटा होता.” मग जरा वेळानं, खिडकीबाहेर बघत, “बांधून खायला घातलेली मेंढी बी लवकर गाभ जात नाय. चरायला सोडावी लागती.” मी तिच्याकडं बघितलं. मला बांधलं कुणी, हे ती विसरली होती का आठवत होती, कळलं नाय.

पण आत्या वाईट नाय. सांगितलेलं करणारी बाई आहे. उन्हाळा होता, कुरडयांचे दिवस. तिनं खोलीपुढं बाज टाकली, बाजेवर धोतर, धोतरावर कुरडया आणि बाजेच्या कडेला मी. “बस हितं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.” मी बसले. डोक्यावरून पदर, पदर हनुवटीपर्यंत. झंपराच्या बाह्या कोपरापर्यंत, तिथून पुढं पदराचं टोक हातावर घेतलेलं. लाईनीतली माणसं येत-जात, त्यांच्यासमोर सुनेनं उघड्या हातानं बसायचं नाय. आणि ऊन चढलं की आत्या आतून काळी छत्री आणायची आणि माझ्या डोक्यावर धरून उभी राहायची. मी काळी पडू नये म्हणून.

शेजारच्या खोलीतली मावशी येता-जाता हे बघायची. मावशी एकटी, नवरा वारलेला, एका कारखान्यात पॅकिंगला जायची. ती एक दिवस म्हणली, “काय वो बाई, कुरडया राखती का सून?”

“ऊन खाती,” आत्या म्हणली. “औषध हाय.”

“छत्रीतून?”

“तुला काय कळतंय त्यातलं.”

आत्या मावशीशी एवढंच बोलायची. तिच्या घरचं पाणी प्यायची नाय. मावशी नामांतरवाली होती, मोर्चाला जायची, पांढरं लुगडं नेसून, आणि विद्यापीठाला नाव मिळालंच पाहिजे असं नळावर ठासून सांगायची. आत्याला विद्यापीठ कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण तिथं मावशीचं काय काम, हे तिला माहीत होतं. म्हणजे काय नाय, असं. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितल्यापासून मी बी नळावर जायची, दोघींच्या मधे घागर घेऊन उभी राहायची. मला मावशी आवडायची पण मी ते तोंडावर दिसू द्यायची नाय.

उन्हाळा गेला, कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या. मी तशीच. पावसात ढग, उन्हाचा प्रश्न मिटला. दिवाळीनंतर आम्ही परत डॉक्टरीणबाईंकडं गेलो, या वेळी हे बी होते. वजन जरा उतरलं होतं, कारण दळणाच्या निमित्तानं चालायला लागले होते. पण नडगी दाबली की दुखायचंच.

“उन्हात बसलीस?”

“रोज बसवलं,” आत्या म्हणली. “उन्हाळाभर.”

“ऊन कुठं पडायचं अंगावर?”

मी विचार केला. बाई लई शांतपणे बघत होत्या, खोटं बोलवेना. मी म्हणले, “पायाच्या बोटांवर.”

बाईंनी चष्मा काढला. मग बाईंनी सगळं माझ्याकडून वदवून घेतलं, पदर, बाह्या, छत्री बी. छत्रीला त्या एवढ्या हसल्या की बाहेरून नर्स डोकावून गेली. “आजी, लुगड्याला मूल व्हायचंय का सुनेला? ऊन कातडीला लागायला पाहिजे. हात, पाठ, पाय. उघडे.”

“उघडे?” आत्या म्हणली. “लाईनीत? हिला उघडी बसवू मी?”

“ते तुम्ही बघा.”

परत येताना आत्यानं बसमध्ये सांगून टाकलं. वैजापूरहून भावाचा निरोप आलाय, पोरीचं यांच्याशी उरकायचं. धुंधुरमासात काय करायचं नाय, पण संक्रांत झाली की तिथी निघत्यात. “तवर बघू. मी काय दुश्मन नाय तुझी. पर मला बी नातू पाहिजे.” यांनी खिडकीकडं तोंड केलं. जेवायला तर काय नव्हतं बसमध्ये, म्हणून ‘जेवू दे’ बी म्हणाले नाय.

पण सांगितलेलं करायचं हा आत्याचा स्वभाव. रातभर विचार केला असंल तिनं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणली, “चल न्हाणीत.”

लाईनीच्या मागं सगळ्यांची मिळून एक न्हाणी होती. चारी बाजूंनी पत्रे, खाली फरशी, वर काय नाय. आभाळ. दुपारी बारा-एकला ऊन बरोबर मधोमध उतरायचं. त्या टायमाला पुरुष कामावर, नाय तर रातपाळीचे झोपलेले. आत्यानं मला आत घातलं, एक पाट दिला, तेलाची वाटी दिली, आणि स्वतः दाराला पाठ लावून बाहेर बसली. हातात मेंढरं हाकायची काठी. ती काठी तिनं गावाकडून आणलेली होती, कशाला ते तिला बी माहीत नव्हतं, आता कळलं.

मी आत एकटी. झंपर काढलं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या पाठीला ऊन लागलं. मला भीती वाटली की वरून कावळा बघतोय. मग जरा वेळानं कावळ्याची बी सवय झाली. पाठ तापायची, मग दंड, मग मी पाय लांब करायची. लहानपणी खडकावर बसून शेळीचं दूध प्यायचो ते आठवायचं. मला कुणी विचारलं असतं ना त्या वेळी, मूल पाहिजे का, तर मी म्हणले असते, जरा थांबा, आधी ऊन खाऊन होऊ द्या.

बाहेर भांडणं.

“आत कोण हाय वो?”

“सून. अंघोळ करती.”

“काल बी दुपारीच करत होती.”

“आज बी करती. घाण लई हाय.”

“पाण्याचा आवाज येईना.”

“मुक्यानं करती अंघोळ. तुला काय करायचं?”

मावशीला रजा होती तेव्हा ती बादली घेऊन आली. आत्याला बघितलं, काठी बघितली, आभाळाकडं बघितलं, आणि तिला कळलं. ती एवढंच म्हणली, “छत्री न्यायला इसरलात का बाई?” आणि परत गेली. नंतर दुसऱ्या बाया कुरकुरायला लागल्या तर मावशीच त्यांना म्हणायची, जाऊ द्या, भित्री पोरगी आहे, तिला अंघोळीला लागतो वेळ. आत्याला हे ऐकू जायचं. ती ऐकलं नाय असं करायची.

थंडीत शहरातली हवा तापली. नावाचं आता होणार, नाय होणार, सगळीकडं तेच. मोर्चे निघायचे, एकीकडून हे, एकीकडून ते. मग बंद. गाड्या बंद, दुकानं बंद, कंपनीची बस यायची बंद. मला डॉक्टरीणबाईंनी नेमक्या त्याच दिवसात सोनोग्राफीला बोलावलं होतं, अंडं पिकलं का बघायला. गोळ्या घेतल्या होत्या, आणि जायला वाट नाय. मी रडले. संक्रांतीला महिनाच उरला होता. आत्या दारात उभी राहून रस्त्याकडं बघायची आणि सगळ्या दुनियेला शिव्या द्यायची, दोन्ही बाजूंना सारख्या.

मावशीच्या खोलीला कुलूप होतं. ती तिच्या माणसांत गेली होती. तिच्या भावाच्या वस्तीत काय काय झालं ते ती नंतर बी कधी नीट सांगत नाय. मी त्या कुलपाकडं बघायची आणि मला स्वतःची लाज वाटायची, की तिकडं माणसांच्या घरादाराचं चाललंय आणि मी एका अंड्यासाठी रडते. पण रडायचं थांबायचं नाय.

आणि हे घरी. लग्न झाल्यापासून यांची पाळी आणि माझी पाळी कधी जुळलीच नव्हती. मी जागी तर हे प्रेसवर, हे घरी तर झोपलेले, रातपाळीचा माणूस म्हणजे घोंगडीत गुंडाळलेलं ओझं. त्या बंदच्या दिवसात हे पहिल्यांदा सलग घरी राहिले. दुपारी पत्ते खेळले, माझ्याशी बोलले बी. आत्या आपल्या मैत्रिणीकडं कोपऱ्यावर जाऊन बसायची, मुद्दाम का कशी, तिनं कधी सांगितलं नाय. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, ठरलेल्या दिवसात एकत्र राहा. आम्हाला ते दिवस कंपनीनं दिले नाय, शहर बंद झालं म्हणून मिळाले.

संक्रांत आली. सुगडं पुजली, मी तिळगूळ केला. उद्यापासून तिथ्या. दुपारनंतर मावशी आली. अंगात ताप असल्यासारखा चेहरा, डोळे सुजलेले आणि हसत होती. हातात पेढ्याचा पुडा आणि तिळगूळ. विद्यापीठाला नाव लागलं होतं. पूर्ण बदललं नाय, जुन्याला जोडून वाढवलं, तरी पण लागलं.

“घ्या बाई,” ती आत्याला म्हणली, “तिळगूळ घ्या, गोड बोला.”

आता पेढा नाकारता येतो. संक्रांतीचा तिळगूळ दारात आलेल्या बाईच्या हातून कसा नाकारायचा? आत्याचा हात पुढं आला, मागं गेला, परत आला. तिनं तिळगूळ घेतला आणि पदरात बांधला, खाल्ला नाय. मावशीनं माझ्या तळहातावर पेढा ठेवला. म्हणली, “इतकी वर्षं लागली ग पोरी. तू खा.” मी आत्याकडं बघितलं नाय. खाल्ला. आणि दारातच, तुळशीच्या डब्याशेजारी, सगळा ओकून टाकला.

आत्या पेटली. “बघ! ज्याच्या-त्याच्या हातचं खाल्लं की असं होतं!”

मावशीचं तोंड पडलं. इतक्या वर्षांचा पेढा, आणि तो असा जमिनीवर. मला मरून जावंसं वाटलं. मी मावशीचा हात धरला, बोलायचं होतं, तर परत उमासा आला. त्या दिवशी सकाळी बी आलता, तिळगुळाच्या वासानं. आदल्या दिवशी भाकरीच्या धुरानं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, चिंचांची आठवण होती मला.

मावशीनं माझ्याकडं बघितलं, मग आत्याकडं. “बाई,” ती म्हणली, “पेढा माझा हाय, पर हे माझ्या पेढ्याचं काम नाय. हिला डॉक्टरकडं न्या.”

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आत्याला म्हणल्या, “आता आजी म्हणू का?” आत्या खुर्चीत टेकली. मग तिनं पदराची गाठ सोडली, दोन दिवसांचा तिळगूळ काढला आणि तिथंच तोंडात टाकला.

आता श्रेय कुणाचं, हे अजून ठरायचंय. डॉक्टरीणबाई म्हणत्यात, गोळ्या आणि चालणं, उन्हानं हाडं सुधारली एवढं नक्की, बाकी मला सिद्ध करता येणार नाही. आत्या म्हणती, न्हाणी. हे म्हणत्यात, मी देवाला बोललो होतो. मला वाटतं शहर बंद नसतं तर काय झालं नसतं, पण हे मी कुणापुढं बोलत नाय. वैजापूरच्या पोरीचं माघात एका कंडक्टरशी लग्न झालं. आत्या लग्नाला जाऊन आली आणि म्हणली, भाकरी काय एवढ्या पातळ करत नाय ती.

गणपतीत पोरगी झाली. आत्या एक दिवस बोलली नाय, दुसऱ्या दिवशी म्हणली, “बरं झालं, पयली बेटी. आता पोरगा.” डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला सांगितलं, हा आजार जात नसतो, दबून राहतो, पाळी परत बिघडंल, वजन सांभाळ. आणि पोरीकडं बी मोठेपणी लक्ष ठेव, आईकडून येऊ शकतो. तेव्हापासून मी पोरीच्या हनुवटीकडं बघते. तीन महिन्यांच्या पोरीच्या. आणि न्हाणीवर मालकानं पत्रा टाकला. बायांनी तक्रार केली होती.

पण गंमत बघा. पोरीला रोज सकाळी तेल लावून आत्या खोलीपुढं बाजेवर पाय पसरून बसती आणि पायावर तिला उघडीनागडी उन्हाला धरती. सगळी लाईन जाती-येती, कुणी काय म्हणत नाय. बाळाला ऊन पाहिजे हे सगळ्यांना ठाऊक. कुठल्या वर्षी ते कमी करायचं, एवढं मात्र कुणी सांगत नाय. मी विचारत बी नाय.

काल मी तेलाची वाटी घेऊन शेजारी बसले. पोरीला चोळता चोळता बाह्या वर केल्या, दंडापर्यंत. पदर खांद्यावर घसरला, तो उचलला नाय. हात तेलानं माखलेले, असं दाखवलं. मावशी कामाला निघाली होती, तिनं बघितलं आणि चालता चालता हसली.

“पदर,” आत्या म्हणली.

“तेलाचे हात हायत आत्या.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिची सावली माझ्या हातांवर पडली होती. मग ती पुटपुटत, पोरीला तशीच पायावर धरून, बाजेच्या कडेला सरकली, आणि ऊन माझ्या हातावर आलं.